दोन हजार डॉलरांची वेस

वार्धक्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करायचे कोणी आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी, हे प्रश्न आपल्या घरांतून सहसा मोठ्याने विचारले जात नाहीत. ते सून, लेक, अविवाहित बहीण अशा कोणाच्या तरी अंगावर निमूटपणे येऊन पडतात. घर, वाडी आणि बँकेतील ठेव यांचे काय, हा प्रश्न तर त्याहूनही हळू आवाजात, आणि बहुधा अंत्यविधी उरकल्यावरच निघतो. अमेरिकेत मात्र हे दोन्ही प्रश्न सरकारी कचेरीतील एकाच अर्जावर एकत्र आलेले असतात. अर्जदार म्हातारा आहे, त्याला उठता-बसता दुसऱ्याचा हात लागतो, हे डॉक्टरांनी लिहून दिले की पुढचा प्रश्न येतो तो मालमत्तेचा. अविवाहित किंवा विधवा-विधुर अर्जदाराजवळ मोजण्याजोगी पुंजी दोन हजार डॉलरांहून अधिक असेल, तर तेथील बऱ्याच राज्यांत अर्ज त्या रकान्यापाशीच थांबतो.

आमच्या धर्मग्रामांतील किती तरी घरांची एखादी फांदी आज त्या देशात रुजली आहे. मुलगा तिकडे, सून तिकडे, नातवंडे तिकडे. आणि त्यांच्यामागोमाग आईवडीलही. त्यामुळे दोन हजार डॉलरांची ही वेस कोणी, केव्हा आणि का बांधली, हे जाणून घेणे आम्हांला केवळ परक्या देशाचे कुतूहल वाटत नाही.

तिची पहिली वीट इंग्लंडात घडली. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत 1601 साली जो दारिद्र्यविषयक कायदा झाला, त्याने निराधारांचा भार त्या त्या पॅरिशवर टाकला. ‘पॅरिश’ हा आपल्या परिचयाचा शब्द, पण तेथे तो कर गोळा करणारा एक मुलकी विभागही होता. अपंग व वृद्ध यांना पोसावे, मात्र आधी त्यांच्या आईवडिलांनी, मुलांनी, आज्या-आजोबांनी ऐपतीप्रमाणे पोसावे, आणि तेही नसतील तर पॅरिशने, असा तो क्रम होता. अटलांटिक ओलांडून गेलेल्या वसाहतकारांनी हा क्रम आपल्या गाठोड्यात बांधून नेला. त्याबरोबर दरिद्र्याविषयीचा संशयही नेला. पेनसिल्व्हेनियाच्या 1718 सालच्या कायद्याने सार्वजनिक मदत घेणाऱ्याने आपल्या उजव्या बाहीवर लाल किंवा निळ्या कापडाचे मोठे ‘पी’ अक्षर शिवून हिंडावे असे फर्मावले. ‘पॉपर’ म्हणजे कंगाल, त्याचे ते आद्याक्षर. मदत मिळे, पण ती अंगावर मिरवावी लागे.

एकोणिसाव्या शतकात या बाहीवरच्या अक्षराची जागा एका इमारतीने घेतली. न्यूयॉर्क राज्याने 1824 साली प्रत्येक जिल्ह्यात गरीबखाना उभारण्याचा कायदा केला आणि इतर राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. वेडे, अनाथ मुले, दारूडे, आंधळे आणि वृद्ध यांची एकाच छपराखाली भरती होई. पुढे मुलांसाठी अनाथाश्रम झाले, मनोरुग्णांसाठी इस्पितळे झाली. एकेक जण बाहेर पडत गेला आणि मागे उरले ते म्हातारे. शतक संपता संपता गरीबखाना म्हणजे निर्धन वृद्धांचे घर, असेच समीकरण होऊन बसले. तेथे पाऊल टाकायचे तर आपल्यापाशी काहीही नाही असे शपथेवर सांगावे लागे, आणि काही राज्यांत त्याबरोबर मतदानाचा हक्कही जाई. ‘म्हातारपणी गरीबखान्यात जाण्याची पाळी न येवो’ ही त्या पिढीतील अमेरिकन माणसाची नित्याची धास्ती होती. सेंट जान जुगानने फ्रान्समध्ये 1839 साली एका आंधळ्या वृद्धेला आपल्या बिछान्यावर निजवून ज्या संघाचा पाया घातला, त्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ धर्मभगिनी 1868 साली अमेरिकेत पोहोचल्या त्या याच काळात. दारोदार भिक्षा मागून वृद्धांना पोसण्याचा त्यांचा शिरस्ता त्या सुबत्तेच्या देशातही चालू राहिला, यावरून गरज किती होती याची कल्पना यावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी वृद्धांना घरीच थोडी रक्कम द्यावी, हा विचार पुढे आला. माँटाना राज्याने 1923 साली तसा कायदा केला व इतर राज्ये हळूहळू त्या वाटेने गेली. या कायद्यांतही मालमत्तेची मर्यादा होती. शिवाय दिलेली रक्कम मृत्यूनंतर त्या माणसाच्या मालमत्तेतून वसूल करण्याची तरतूद अनेक ठिकाणी होती. म्हणजे ते एका अर्थी घरावरचे कर्जच. 1929 नंतरच्या महामंदीत बँका बुडाल्या, म्हाताऱ्यांच्या आयुष्यभराच्या ठेवी एका सकाळी नाहीशा झाल्या, आणि काटकसर करणाऱ्यावर गरीबखान्याची पाळी येत नाही ही समजूतही त्यांच्याबरोबर बुडाली. कॅलिफोर्नियातील फ्रान्सिस टाउनसेंड नावाच्या एका वयस्क डॉक्टरने 1933 साली साठीवरील प्रत्येकाला दरमहा 200 डॉलर द्यावेत अशी योजना मांडली, तेव्हा तिच्यामागे लाखो वृद्ध उभे राहिले. योजनेचे गणित जमणारे नव्हते, पण वॉशिंग्टनला घाम फुटला.

14 ऑगस्ट 1935 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. त्यातील विम्यावर आधारलेली निवृत्तीवेतनाची योजना सर्वांना ठाऊक आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याच कायद्याचे पहिले प्रकरण, गरजू वृद्धांना साहाय्य. राज्याने गरजू म्हाताऱ्याला जे दिले त्याचा निम्मा वाटा, दरमहा एकूण 30 डॉलरांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलणार होते. गरजू कोणाला म्हणावे हे राज्यांनी ठरवायचे. मृताच्या मालमत्तेतून राज्याने काही वसूल केले तर त्याचाही निम्मा वाटा केंद्राकडे जावा, हे कलम लिहायला मात्र कायदेकर्ते विसरले नाहीत.

आणखी एक कलम होते, आणि त्याने पुढल्या नव्वद वर्षांचे चित्र रेखाटले असे आमचे मत आहे. सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला हे साहाय्य मिळणार नव्हते. हेतू उदात्त होता. गरीबखान्यांचा पैसा तोडला की ते आपोआप ओस पडतील आणि वृद्ध आपल्या घरी, आपल्या माणसांत राहतील, असे कायदा करणाऱ्यांना वाटले. पण गरीबखान्यातले पुष्कळसे वृद्ध केवळ गरीब नव्हते, ते आजारीही होते. कोणाला पक्षाघात, कोणाला स्मृतिभ्रंश. त्यांना परत न्यायला घरच नव्हते, आणि असले तरी दिवसरात्र उशाशी बसायला माणूस नव्हते. त्यांच्या हाती आता दरमहा काही डॉलर येऊ लागले, पण ते सरकारी छपराखाली राहून खर्चता येत नव्हते. मग कोणी विधवा आपल्या घरातील चार खोल्या अशा वृद्धांना भाड्याने देऊ लागली, कोणी निवृत्त परिचारिका पाच-सहा खाटा मांडून बसली. सरकारी दार बंद झाले आणि शेजारीच खाजगी दार उघडले. आज ज्याला ‘नर्सिंग होम’ म्हणतात त्या धंद्याचा अमेरिकेतील उगम हा असा आहे. काही जिल्ह्यांनी तर आपले गरीबखाने खाजगी माणसांच्या हवाली करून टाकले. भिंती त्याच, खाटा त्याच, पाटी नवी.

या घरांवर देखरेख अशी फारशी नव्हतीच. 1950 साली कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांना परवाना-पद्धती आणावी लागली, सार्वजनिक वैद्यकीय संस्थांवरील बंदी सैल झाली, आणि पैसा वृद्धाच्या हाती न देता थेट सेवा देणाऱ्याला देण्याची वाट मोकळी झाली. तरीही 17 फेब्रुवारी 1957 रोजी मिसुरी राज्यातील वॉरेंटन येथे एका नर्सिंग होमला आग लागून 72 जण मृत्यू पावले, तेव्हा परवान्याच्या कागदाची किंमत देशाला कळली.

1960 साली सिनेटर केर आणि प्रतिनिधी मिल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. एरवी पोट भरण्यापुरते असलेले, पण आजारपणाने खचलेले जे वृद्ध, त्यांच्या उपचारांसाठी राज्यांना केंद्राचा पैसा मिळू लागला. सहभाग ऐच्छिक असल्याने न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या थोड्या मोठ्या राज्यांनीच बहुतांश रक्कम उचलली. अर्जदार जिवंत असताना त्याच्या घरावर बोजा चढवू नये, आणि मागे राहिलेली पत्नी वा पती हयात असेतो वसुली करू नये, एवढी माणुसकी मात्र या कायद्याने पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली.

30 जुलै 1965 रोजी मिसुरीतील इंडिपेंडन्स या गावी, वृद्ध माजी अध्यक्ष ट्रूमन यांच्या समक्ष, अध्यक्ष जॉन्सन यांनी दोन योजनांच्या कायद्यावर सही केली: मेडिकेअर आणि मेडिकेड. नावे सारखी, कुळे वेगळी. मेडिकेअर हा विमा. 65 वर्षे पूर्ण झालेल्या विमाधारकाला तो मिळतो, मग तो गिरणीमालक असो वा गिरणी कामगार. मेडिकेड हे साहाय्य. ते निर्धनाला मिळते. त्या समारंभात टाळ्या पडल्या त्या मेडिकेअरला. वृत्तपत्रांचे रकानेही तिनेच अडवले. पण मेडिकेअरने नर्सिंग होममधील वास्तव्य दिले ते इस्पितळातून बाहेर पडल्यानंतरच्या उपचारापुरते, फार तर शंभर दिवस. एकशेएकाव्या दिवशी ज्याला अजून स्वतःच्या हाताने जेवता येत नाही त्याचे काय? त्याने स्वतःच्या पैशाने राहावे. पैसा संपला की मेडिकेड. हा निर्णय कोणी मोठ्या चर्चेअंती घेतला असे दिसत नाही. तो दोन कायद्यांच्या फटीतून पडला आणि तेथेच रुजला. आज अमेरिकेतील नर्सिंग होममधल्या दर दहा रहिवाशांपैकी सुमारे सहा जणांचा खर्च मेडिकेड उचलते.

1965 च्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली, ती आपल्या वाचकांना नवलाची वाटेल. अर्जदाराच्या पात्रतेचा विचार करताना त्याच्या प्रौढ मुलांची कमाई बघू नये, जबाबदारी फक्त जोडीदाराची धरावी, असे तिने ठरवले. 1601 पासून चालत आलेला मुलांवरचा बोजा तीनशे चौसष्ट वर्षांनी उतरला. पुरता मात्र नव्हे. काही राज्यांच्या संहितांतून मुलांवरील जबाबदारीची जुनी कलमे तशीच राहिली. पेनसिल्व्हेनियातील एका न्यायालयाने 2012 साली अशाच कलमाचा आधार घेऊन एका मुलाला त्याच्या आईच्या नर्सिंग होमचे सुमारे 93,000 डॉलरांचे बिल भरण्यास सांगितले. बाहीवर ‘पी’ शिवणाऱ्या त्याच राज्यात हे घडावे, हा इतिहासाचा एक योगायोग.

आता त्या दोन हजारांविषयी. 1972 साली केंद्राने निर्धन वृद्धांसाठी सर्व देशभर एक समान साहाय्य-योजना केली. 1974 पासून ती अमलात आली. तिच्यात पुंजीची मर्यादा एकट्यास 1,500 व जोडप्यास 2,250 डॉलर अशी ठेवली होती. 1984 च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने वाढवली आणि 1989 साली ती 2,000 व 3,000 वर आली. तेथेच ती आजतागायत उभी आहे. मेडिकेडने हीच मोजपट्टी पुष्कळ ठिकाणी उचलली. 1989 च्या दोन हजारांना आज पाच हजारांहून अधिक डॉलर लागतील, आणि नर्सिंग होममधील एका खोलीचा वर्षाचा खर्च 2023 सालीच एक लाख डॉलरांच्या पुढे गेला होता. सगळे वर चढले, वेस तेवढी होती तेथेच राहिली.

मोजणीतून काही वस्तू वगळलेल्या आहेत: राहते घर (एका मूल्यापर्यंत), एक मोटार, घरातील सामानसुमान, लग्नाची अंगठी, दफनविधीसाठी बाजूला ठेवलेले दीड हजार डॉलर, आणि कबरीची जागा. या यादीत माणसाची किती समज आहे आणि किती कोरडेपणा आहे, हे आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही. नर्सिंग होममध्ये दाखल झाल्यावर त्याचे निवृत्तीवेतन जवळजवळ सगळे संस्थेकडे जाते. हातखर्चाला राहतात ते केंद्राच्या किमान नियमाप्रमाणे महिन्याला 30 डॉलर. हा आकडाही 1988 चा. केस कापणे, नातवाला वाढदिवसाचे कार्ड, एखादा आवडीचा खाऊ, हे सारे त्या तीसांत. काही राज्ये पदरचे घालून अधिक देतात, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

या व्यवस्थेचा सर्वांत क्रूर घाव बसला तो गरिबांवर नव्हे, तर मध्यम स्थितीतल्या विवाहित स्त्रियांवर. 1988 पूर्वीची रीत अशी होती की निवृत्तीवेतनाचा धनादेश ज्याच्या नावाचा, उत्पन्न त्याचे. त्या पिढीत नोकरी केली ती बहुधा नवऱ्याने, बायकोने घर आणि मुले सांभाळली. नवऱ्याला पक्षाघात होऊन तो नर्सिंग होममध्ये गेला की त्याच्या नावाचा धनादेश त्याच्यामागोमाग जाई. ठेवीही त्याच्याच नावावर असत, त्या त्याच्या खर्चात संपत. घरी राहिलेल्या सत्तरीच्या बाईने चूल कशावर पेटवायची? काहींनी पोटगीसाठी नवऱ्यावर दावे लावले. काहींनी, पन्नास वर्षांच्या संसारानंतर, कागदोपत्री घटस्फोट घेतला. विवाहाला संस्कार मानणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी क्षणभर थांबून याचा विचार करावा: मृत्यूपर्यंत साथ देण्याचे वचन पाळायचे तर कायद्यापुढे ते मोडावे लागत होते.

1988 च्या उन्हाळ्यात अध्यक्ष रेगन यांच्या सहीने जो ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ या नावाने गाजलेला कायदा झाला, त्याने हे बदलले. पतिपत्नींची मालमत्ता एकत्र मोजावी, घरी राहणाऱ्याला तिचा निम्मा भाग ठरावीक किमान व कमाल मर्यादेत राखून द्यावा, आणि दरमहा उदरनिर्वाहापुरते उत्पन्नही ठेवावे. आरंभी ही मर्यादा 12,000 ते 60,000 डॉलर होती. 2025 साली ती 31,584 ते 1,57,920 डॉलर झाली. दोन हजार गोठले तसे हे आकडे गोठले नाहीत, ते महागाईबरोबर वाढत राहिले.

या कायद्याचे पुढे जे झाले ते मोठे मजेशीर आहे. त्याच्या मुख्य भागात मेडिकेअरचे लाभ वाढवले होते आणि त्यासाठी सुस्थितीतील वृद्धांवरच वार्षिक 800 डॉलरांपर्यंत अधिभार बसवला होता. वृद्ध खवळले. 17 ऑगस्ट 1989 रोजी शिकागोत अर्थविषयक समितीचे अध्यक्ष रोस्टेनकोव्स्की यांच्या मोटारीला पांढऱ्या केसांच्या जमावाने घेराव घातला. कोणी काठीने टपावर बडवले, एक आजीबाई मोटारीच्या पुढल्या बाजूवर चढल्या, आणि त्या बलाढ्य पुढाऱ्याला गाडीतून उतरून पळ काढावा लागला. वर्षअखेरीस कायदा रद्द झाला. ज्या लाभावर वृद्धांच्या संतापाचा डोळा नव्हता ते पतिपत्नींचे कलम तेवढे वाचले. गोंगाटात नेहमी असे होते. ज्यांचे काम झालेले असते त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

पैसा असेल तर मदत नाही, हा नियम असेल तर पैसा आधीच मुलांना देऊन टाकावा, ही कल्पना सुचायला वकील लागत नाही. ती करून द्यायला मात्र लागतो. 1980 साली राज्यांना अशा हस्तांतरणावर बोट ठेवण्याची मुभा मिळाली. मागे वळून किती काळ पाहावे? 1988 मध्ये तो काळ 30 महिने ठरला, 1993 मध्ये 36 (विश्वस्त निधीसाठी 60), आणि फेब्रुवारी 2006 मध्ये सही झालेल्या कायद्याने सरसकट 60 महिने. त्या 2006 च्या बदलातील खरी मेख वेगळीच होती. समजा, एका आजीने नातीच्या शिक्षणाला 60,000 डॉलर दिले आणि तेथील नर्सिंग होमचा महिन्याचा सरासरी खर्च 10,000 धरला, तर तिला सहा महिने अपात्र ठरवले जाते. पूर्वी हे सहा महिने दान दिल्यापासून मोजत. ती अर्ज करी तोवर ते बहुधा संपलेले असत. आता ते मोजतात ती दाखल होऊन, सर्वस्व संपवून, अर्ज घेऊन दारात उभी राहते तेव्हापासून. दंड सुरू होतो तो नेमका तो भरायला जवळ काही नसताना.

मधल्या काळात संसदेने एक अतिरेकही करून पाहिला. 1996 च्या एका कायद्याने पात्रता मिळवण्यासाठी मालमत्ता देऊन टाकणे हा काही परिस्थितींत फौजदारी गुन्हा ठरला. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद व दहा हजार डॉलरांपर्यंत दंड. लोकांनी त्याला ‘आजीला तुरुंग’ असे नाव दिले. ओरड झाली, तेव्हा 1997 साली आजीला सोडून तिला पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. ‘आजीच्या वकिलाला तुरुंग’! 1998 मध्ये महान्यायवादी जॅनेट रेनो यांनीच हे कलम घटनेत बसत नाही म्हणून आपण ते राबवणार नाही असे कळवले, आणि प्रकरण मिटले.

खरोखर किती वृद्ध आपली संपत्ती लपवून सरकारच्या ताटात जेवतात? प्रवाद मोठा आहे. 2007 साली सरकारच्याच लेखापरीक्षण कचेरीने तीन राज्यांतील अर्ज तपासले. मंजूर झालेल्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांनी योग्य मोबदल्याविना काही देऊन टाकल्याचे आढळले, आणि त्यांतील मध्यम रक्कम पंधरा हजार डॉलरांच्या आसपास होती. श्रीमंत वृद्ध वकील करतो, गरीब वृद्धाजवळ द्यायला काही नसते. नियमांच्या कात्रीत सापडतो तो दोघांच्या मधला.

घराची कथा आणखी वेगळी. जिवंतपणी ते मोजणीतून वगळले जाते, आणि मृत्यूनंतर तेच वसुलीला सापडते. 1993 च्या कायद्याने 55 वर्षांवरील लाभार्थीच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च त्याच्या मृत्यूनंतर मालमत्तेतून वसूल करणे सर्व राज्यांना बंधनकारक केले. जोडीदार, एकवीस वर्षांखालील मूल किंवा अंध-अपंग अपत्य हयात असेतो हात लावता येत नाही. बाकीच्यांना आईच्या घराबरोबर एक बिल वारशात मिळते. 2019 या आर्थिक वर्षात अशी वसुली सुमारे 73 कोटी डॉलर झाली; ऐकायला मोठी, पण त्या प्रकारच्या एकूण खर्चाच्या एका टक्क्याहूनही कमी. मेडिकेडविषयी संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगाने 2021 मध्ये ही सक्ती काढून टाकावी अशी शिफारस केली. सक्ती निघालेली नाही.

या कोरड्या कलमांच्या रानात आम्हांला एक हिरवे रोपटे दिसले, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ज्या मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांच्या घरी, त्यांच्या दाखल होण्याआधीची किमान दोन वर्षे राहून अशी शुश्रूषा केली की तिच्यामुळे त्यांना तितका काळ घरी राहता आले, त्या अपत्याच्या नावे घर केल्यास दंड नाही. शुश्रूषा करणाऱ्या लेकीच्या श्रमाला घराच्या कागदावर जागा देणारे कलम, तेही त्या देशाच्या संहितेत! आपल्याकडे अशी लेक भावांच्या वाटणीच्या दिवशी पुष्कळदा पाणी द्यायला उभी असते.

आपला कायदा उलट्या दिशेने चालतो, हेही येथे नोंदवतो. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत घेण्यासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तिकडे मुलांना दिलेले दान वृद्धाला अपात्र करते. इकडे तेच दान मुलांना बांधून घेऊ पाहते. दानपत्रात ती अट स्पष्ट लिहिलेली असावी यावर सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये भर दिला; 2025 च्या निकालात त्याने कायद्याच्या हेतूकडे अधिक उदार दृष्टीने पाहिले. अट लिहून घ्यायला संकोचणाऱ्या आईवडिलांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

मुलांच्या बोलावण्यावरून कायमच्या वास्तव्यासाठी अमेरिकेत गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना मेडिकेडचे दार सहसा लगेच उघडत नाही. ऑगस्ट 1996 च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेक नवागतांना केंद्राच्या मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबायला लावले. बोलावणाऱ्या मुलाने सही केलेले निर्वाहाचे हमीपत्रही मध्ये येते. पाच वर्षे सरली तरी मोजणी चुकत नाही; गावाकडची विकता येण्याजोगी जमीन वा सदनिका अर्जात दाखवावी लागते. ‘ते तर इकडचे आहे’ हे उत्तर तेथे चालत नाही.

विम्याच्या वाटेने हा गुंता सोडवण्याचे प्रयत्न झाले. सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या पुढाकाराने 2010 च्या आरोग्यविषयक कायद्यात स्वेच्छेने वर्गणी भरून दीर्घकालीन शुश्रूषेचा लाभ देणारी योजना घातली होती. ऐच्छिक असल्याने तिच्यात आजारीच माणसे येतील आणि ती बुडेल, असा हिशेब निघाला; 2011 मध्ये सरकारने ती बाजूला ठेवली आणि 2013 च्या आरंभी ती रद्द झाली. वॉशिंग्टन राज्याने 2019 साली सक्तीची योजना केली. जुलै 2023 पासून तेथे कामगारांच्या वेतनातून 0.58 टक्के कापले जातात, आणि जन्मभरात मिळून 36,500 डॉलरांपर्यंतचा लाभ देण्याचे ठरले. नर्सिंग होमच्या चार महिन्यांचे ते पैसे; पण घरी मदतनीस ठेवायचा तर त्यांत बरेच दिवस निघतात.

सर्वांत धीट पाऊल कॅलिफोर्नियाने टाकले. जुलै 2022 मध्ये तिने पुंजीची मर्यादा दोन हजारांवरून एकदम 1,30,000 डॉलरांवर नेली आणि 1 जानेवारी 2024 पासून मालमत्तेची अटच काढून टाकली. दोन वर्षे त्या राज्यातील वृद्धाला ‘तुमच्याजवळ काय काय आहे?’ हा प्रश्न विचारला गेला नाही. मग अंदाजपत्रकात तूट आली. 2025 च्या उन्हाळ्यात राज्याने अट परत आणण्याचे ठरवले, आणि 1 जानेवारी 2026 पासून 1,30,000 डॉलरांच्या मर्यादेसह तो रकाना तेथील अर्जावर पुन्हा छापला गेला.